साडेतीन लाख भरण्याआधी: फुटबॉल एजन्सी आतून नेमकी कशी चालते

मामा (तुम्ही स्वतःच 'मी मुलाचा मामा' असं लिहिलंय म्हणून मीही तेच म्हणते), तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. भाचा कोल्हापूरचा, वय १६, उजव्या विंगला खेळतो. त्याला इन्स्टाग्रामवर एका 'इंटरनॅशनल प्लेयर मॅनेजमेंट एजन्सी'चा मेसेज आलाय, पोर्तुगालमध्ये तीन आठवडे ट्रायल, आवडला तर थेट क्लबशी करार, रजिस्ट्रेशन आणि प्रोसेसिंगचे मिळून साडेतीन लाख, जागा थोड्या म्हणून महिनाअखेरच्या आत भरा, आणि सोबत पाच वर्षांचा एक्सक्लुझिव्ह करार सही करून पाठवा. तुम्ही विचारताय की अशा एजन्सीज असंच काम करतात का, आणि ही खरी का खोटी.

मी लिस्बनमध्ये एका मध्यम आकाराच्या एजन्सीत आठ वर्षं आहे, बारा जणांचं ऑफिस, माझ्याकडे कॉन्ट्रॅक्ट आणि रजिस्ट्रेशनचं टेबल. माहेर कोल्हापूरच, मंगळवार पेठ, भाऊ तालमीच्या फुटबॉल टीमकडून खेळायचा, त्यामुळे शाहू स्टेडियमवर मॅच असली की घरात जेवणाच्या वेळा कशा बदलतात हे मला सांगायला नको. म्हणून उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट, 'खरी का खोटी' हा प्रश्न विचारून फार काही हाती लागणार नाही. कंपनी रजिस्टर्ड असू शकते, वेबसाइट झकास असू शकते, मुलगा खरंच पोर्तुगालला जाऊन खऱ्या मैदानावर तीन आठवडे प्रॅक्टिस करून परत येऊ शकतो. सगळं खरं असूनही तुम्हाला जे वाटतंय ते ते नसतं. विचारायचं असं की पैसा कुणाकडून कुणाकडे जातोय, आणि कधी.

एजंटचा धंदा अडतीचा आहे. मार्केट यार्डात गुळाचा सौदा होतो तसं समजा, माल विकला तर अडत, नाही विकला तर अडत्या रिकाम्या हाताने घरी. ढेप आणून ठेवायचे म्हणून शेतकऱ्याकडून आधी प्रवेश फी घेणारा अडत्या तुम्ही बघितलाय का? आमचंही तसंच. खेळाडूचा क्लबशी करार झाला, पगार सुरू झाला, की त्यातले काही टक्के. फिफाने २०२३ च्या नियमांत त्याला मर्यादा घातली होती, वर्षाला २ लाख डॉलरपर्यंतच्या कमाईवर ५ टक्के, त्यावरच्या रकमेवर ३, आणि खेळाडू विकणाऱ्या क्लबकडून काम घेतलं असेल तर ट्रान्सफर फीच्या १० टक्के. जर्मनीतल्या कोर्टाच्या निकालानंतर डिसेंबर २०२३ च्या शेवटी फिफाने ही मर्यादा आणि आणखी बरीच कलमं स्थगित केली, त्यामुळे मोठ्या व्यवहारांत आकडे वर जातात. पण एजंटला फिफाचं लायसन्स लागतं तो भाग थांबला नाही आणि पैसा करारातून येतो हे तत्त्वही बदललं नाही.

आता पेपरात जे वाचता ते आकडे डोक्यातून काढा. इंग्लंडची फुटबॉल संघटना एफए दरवर्षी छापते, फेब्रुवारी २०२३ ते फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रीमियर लीगच्या क्लब्सनी एजंट्सना ४० कोटी पौंडांहून जास्त दिले. खरं आहे, पण ते शिखर. माझ्या टेबलावर येणारा साधा करार असा असतो: पोर्तुगालच्या तिसऱ्या डिव्हिजनचा, म्हणजे लीगा ३ चा पोरगा, समजा महिना १५०० युरो, वर्षाचे १८ हजार, त्याचे ५ टक्के म्हणजे ९०० युरो. तेही हप्त्याने, क्लबने पगार वेळेवर दिला तर. या ९०० साठी आमच्या स्काउटने आधी दोनदा साडेतीनशे किलोमीटर गाडी चालवलेली असते, व्हिडिओवाल्याने दोन दिवस घालवलेले असतात, मी करार वाचलेला असतो. म्हणजे तोट्यातच. मग का करतो? कारण पंचवीस पोरांतली दोन-तीन वर जातात, आणि त्यातला एखादा पुढे दहा-वीस लाख युरोला विकला गेला की बाकीच्या बावीस जणांचा खर्च निघतो. हा सगळा वाट बघण्याचा धंदा आहे, आणि म्हणूनच खरी एजन्सी 'नाही' फार वेळा म्हणते. आम्ही महिन्याला शेकड्याने आलेले व्हिडिओ बघतो आणि वर्षाला नवीन चार किंवा पाच पोरं घेतो.

तुम्हाला ज्यांनी मेसेज केला त्यांना 'नाही' म्हणायची गरजच नाही, कारण त्यांचा नफा मुलगा निवडला जाण्यात नाही, मुलगा विमानात बसण्यात आहे. चाळीस पोरं गुणिले साडेतीन लाख, करा हिशोब. त्याला मी टूर ऑपरेटर म्हणते. टूर म्हणून जायचं असेल आणि परवडत असेल तर वाईट नाही, पोरगा चार गोष्टी शिकून येईल, पण मग त्याला करार म्हणू नका आणि त्यासाठी बहिणीचे दागिने गहाण ठेवू नका.

बरं, मग एजन्सी दिवसभर करते काय? लोकांना वाटतं सूट, घड्याळ, मोठे लंच. तसे लोक आहेत, मिनो रायोलासारखी माणसं याच धंद्यातून झाली, २०१६ मध्ये पॉल पोगबा युव्हेंटसकडून मँचेस्टर युनायटेडला १० कोटी ५० लाख युरोला गेला तेव्हा त्याने एकाच व्यवहारात तिन्ही बाजूंकडून पैसे घेतल्याचं नंतर फुटलेल्या कागदपत्रांवरून जगभर छापून आलं. आमच्या ऑफिसात मात्र डब्बे येतात. काम ढोबळमानाने असं: क्लबच्या स्पोर्टिंग डायरेक्टरचा व्हॉट्सअॅप येतो, 'डावखुरा सेंटर बॅक, २३ च्या आत, फ्री, महिना २५०० पर्यंत.' एवढंच. तो आमच्यासारख्या पंधरा जणांना गेलेला असतो. मग आमच्या यादीत कोण बसतो ते बघायचं, नसेल तर दुसऱ्या देशातल्या ओळखीच्या एजंटकडे विचारायचं आणि फी वाटून घ्यायची, मग व्हिडिओ पाठवायचा. फ्री म्हणजे करार संपलेला किंवा संपत आलेला. १९९५ च्या बोस्मान निकालानंतर करार संपला की क्लबला फी न देता खेळाडू जाऊ शकतो, आणि शेवटचे सहा महिने उरले की दुसऱ्या क्लबशी आधीच करार करता येतो, त्यामुळे आमच्या ऑफिसच्या भिंतीवर खेळाडूंचे फोटो नाहीत, करार कधी संपतो त्या तारखांचा तक्ता आहे.

व्हिडिओचं सांगते कारण हे तुमच्या उपयोगाचं. भाच्याने बनवलेला व्हिडिओ तुम्ही टाकलाय तो मी बघितला. गाणं काढून टाका. स्लो मोशन काढून टाका. गोल चांगले आहेत पण गोलच्या आधी तो कुठे उभा होता हेच दिसत नाही, आणि बॉल गेल्यावर तो मागे पळतो का चालतो हे तर अजिबात दिसत नाही. स्पोर्टिंग डायरेक्टर क्लिप चाळीस सेकंद बघतो आणि लगेच विचारतो, 'पूर्ण मॅच आहे का?' नसेल तर विषय संपला. युरोपातल्या लीगचे सामने वायस्काउटसारख्या सॉफ्टवेअरवर आपोआप असतात, कोल्हापूरच्या पोराचे नसतात, तिथेच तो निम्मा मागे पडतो. त्याच्या पायात कमी आहे म्हणून नाही, त्याला बघायची सोय नाही म्हणून.

मग करार ठरला की माझं काम. देश ओलांडून जाणारा प्रत्येक प्रोफेशनल खेळाडू फिफाच्या टीएमएस नावाच्या ऑनलाइन सिस्टीममधून जातो. विकणारा क्लब आपली माहिती भरतो, घेणारा क्लब आपली, आणि दोन्ही जुळल्या पाहिजेत, मगच आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर सर्टिफिकेट पुढे सरकतं. एका उन्हाळी विंडोच्या, म्हणजे खेळाडू घ्यायच्या-विकायच्या ठरलेल्या मुदतीच्या, शेवटच्या रात्री एका क्लबने ७५ हजार लिहिले आणि दुसऱ्याने ५७ हजार. भांडण नव्हतं हो, बोटं उलटी पडली होती. दोन्हीकडचे सेक्रेटरी फोन उचलत नव्हते कारण त्यांचेही तसलेच चार व्यवहार चालू, आणि आमचा पोरगा तिसऱ्याच देशाच्या एअरपोर्टवर बसलेला, त्याच्या करारातल्या सातव्या पानावर छोटी सही राहिली होती म्हणून मी त्याला प्रिंटर शोधायला पळवलं होतं, तर त्याने कुठल्या तरी एअरलाइनच्या काउंटरवरच्या बाईला विनवून पान छापून घेतलं आणि सही करून फोटो पाठवला, फोटोत त्याचा अंगठा तारखेवर. परत काढ म्हटलं. रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी झालं. दुसऱ्या दिवशी पेपरात एक ओळ, अमुक क्लबने तमुक खेळाडू घेतला. एजन्सीचं काम म्हणजे साधारण हे.

आणि उरलेलं काम म्हणजे पालकत्व. प्लेयर केअर म्हणतात. आमचा घानाचा एक १९ वर्षांचा पोरगा जानेवारीत उत्तरेकडच्या एका गावात राहायचा, पोर्तुगालच्या जुन्या घरांत हिटर नसतो, बाहेर ४ डिग्री आणि आत ८, भिंतीला काळी बुरशी. रात्री फोन आला, खेळाबद्दल एक शब्द नाही, म्हणाला अंथरूण ओलं लागतंय. त्याला वाटत होतं छत गळतंय. आमचा माणूस सकाळी हवेतला दमटपणा ओढणारं मशीन घेऊन गेला, पहिल्या रात्रीत त्यात दोन लिटर पाणी जमलं. तीन आठवड्यांनी पोरगा परत टीममध्ये आला. हे कुठल्याही कमिशनच्या टक्केवारीत मोजलं जात नाही, पण एजन्सी चांगली की वाईट हे मी तरी यावरूनच ठरवते. त्यामुळे भाच्याला घेऊ म्हणणाऱ्याला हेच विचारा, तिथे पोचल्यावर रात्री अकराला त्याने कुणाला फोन करायचा, आणि तो माणूस त्या गावापासून किती लांब राहतो.

आता लायसन्स. १९९१ पासून फिफा एजंट्सना लायसन्स देत होती, २०१५ मध्ये ते सगळं सोडून दिलं आणि कुणीही उठून मध्यस्थ होऊ लागला, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून परत लायसन्स सक्तीचं झालं. परीक्षा असते, २० प्रश्न, एक तास, पास व्हायला ७५ टक्के. पुस्तक उघडून लिहायची परवानगी असते, म्हणून सोपी वाटते, पण पाचशेच्या वर पानं आणि प्रश्नामागे तीन मिनिटं, शोधत बसलात की मेलात. एप्रिल २०२३ च्या पहिल्या परीक्षेला साडेतीन हजारांहून जास्त लोक बसले, निम्म्याच्या आसपास पास झाले. मी सप्टेंबरमधल्या दुसऱ्या परीक्षेला बसले, पास झाल्यावर वर्षाला ६०० डॉलर भरावे लागतात आणि दरवर्षी थोडा अभ्यासही. महत्त्वाचं हे की लायसन्स माणसाला मिळतं, कंपनीला नाही. 'आमची एजन्सी फिफा लायसन्स्ड आहे' असं कुणी म्हणालं की तिथेच थांबायचं आणि माणसाचं नाव विचारायचं. फिफाच्या साइटवर लायसन्स असलेल्या एजंट्सची यादी आहे, नाव टाका, फुकट आहे. आणि ज्याच्याकडे लायसन्स नाही असा एजन्सीचा नोकर, 'स्काउट' म्हणा, 'इंडिया हेड' म्हणा, त्याला खेळाडूला गाठून करार कर म्हणायची परवानगीच नाही. तुम्हाला मेसेज कुणी केला ते बघा.

तुम्ही टाकलेल्या कागदात पाच वर्षांचा करार आहे. खेळाडू आणि एजंटचा करार जास्तीत जास्त दोन वर्षांचा असू शकतो, आणि आपोआप वाढण्याचं कलम चालत नाही. म्हणजे कागद लिहिणाऱ्याने एक तर नियम वाचलेला नाही किंवा तुम्ही वाचलेला नसेल असं धरून चाललाय. शिवाय मुलगा अल्पवयीन असेल तर वेगळं प्रशिक्षण घेतलेल्या एजंटनेच बोलायचं, पालकांच्या लेखी संमतीने, आणि तेही त्या देशात पहिला प्रोफेशनल करार ज्या वयात करता येतो त्याच्या सहा महिने आधीपासूनच. बहीण-भाओजींना न विचारता पोराला इन्स्टावर मेसेज, हे बसत नाही यात कुठेच.

आणि आता ती गोष्ट जी खरं तर पहिल्यांदा सांगायला हवी होती, पण मग तुम्ही पुढचं वाचलं नसतं. भाचा १६ चा आहे. फिफाच्या नियमांत १९ वं कलम आहे, १८ वर्षांखालच्या खेळाडूची आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर बंद. अपवाद मोजके: आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला गेले, किंवा घर आणि क्लब दोन्ही सीमेपासून ५० किलोमीटरच्या आत, किंवा युरोपियन युनियनच्या आतल्या आत १६ ते १८ मध्ये, शिवाय निर्वासित मुलं वगैरे. हे कलम नुसतं कागदावर नाही, २०१४ मध्ये याच कारणावरून बार्सिलोनाला दोन विंडो नवीन खेळाडू नोंदवायला बंदी झाली, २०१६ मध्ये रेआल आणि अॅटलेटिको माद्रिदवर बंदी आली, २०१९ मध्ये चेल्सीवर. मग लीगा ३ मधला छोटा क्लब कोल्हापूरच्या १६ वर्षांच्या पोरासाठी ती जोखीम घेईल? कितीही आवडला तरी 'थेट करार' होऊच शकत नाही. साडेतीन लाखांत जे विकतायत ते विकण्यासारखं अस्तित्वातच नाही.

गोव्याच्या बाबतीत थोडं वेगळं असतं, कारण १९६१ च्या आधी जन्मलेल्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं आणि तो पासपोर्ट युरोपचा. मडगाव, म्हापशाकडची पोरं इथे दिसतात त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं. पण भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, पोर्तुगीज पासपोर्ट घेतला की भारतीय गेला, आणि भारताच्या टीमकडून खेळायचं दारही बंद. सोळाव्या वर्षी हा निर्णय कुणी कुणासाठी घ्यावा, माझ्याकडे उत्तर मागू नका.

परिस्थितीवर काय अवलंबून आहे तेही सांगते, नाहीतर म्हणाल ताईने सगळं बंदच करून टाकलं. १८ नंतर चित्र बदलतं, आणि देशागणिक बदलतं. इंग्लंड विसरा, तिथे वर्क परमिट देशाच्या रँकिंगवर अडतं, सुनील छेत्रीचा २००९ मध्ये क्वीन्स पार्क रेंजर्सशी तीन वर्षांचा करार झाला होता आणि भारत पहिल्या ७० मध्ये नाही म्हणून परमिट नाकारलं. तोच छेत्री २०१२ मध्ये इथे लिस्बनला स्पोर्टिंगच्या बी टीममध्ये आला. गोलकीपर गुरप्रीत संधू २०१४ मध्ये नॉर्वेला स्टाबेक क्लबकडे गेला आणि युरोपा लीगच्या पात्रता फेरीत खेळला. ही वाट आहे, अरुंद आहे, आणि यातला कुणीही ट्रायलचं पॅकेज विकत घेऊन गेलेला नव्हता, आधी भारतात सीनियर लेव्हलला खेळून नाव झालेलं होतं. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव बघा, २०१७ चा अंडर-१७ वर्ल्ड कप खेळला, मग २०१९ मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे ट्रेनिंगला गेला, तेही तीनच महिने.

एक गोष्ट भीती घालायला नाही पण माहिती असावी म्हणून. जून २०२३ मध्ये इथल्या पोलिसांनी उत्तर पोर्तुगालमधल्या एका फुटबॉल अकॅडमीवर धाड टाकली, तिथे परदेशातून आणलेली बरीच अल्पवयीन मुलं सापडली, घरच्यांनी पैसे भरलेले, पासपोर्ट काढून घेतलेले. त्या आठवड्यात आमच्या ऑफिसात फोन येत होते, आमचा मुलगा पण पोर्तुगालमध्येच आहे हो, तो तिथला तर नाही ना. मी एका बाईशी अर्धा तास हिंदीत बोलत होते, तिला गावाचं नावही माहीत नव्हतं, फक्त अकॅडमीच्या लोगोचा फोटो होता तिच्याकडे.

तर आता काय करायचं. पैसे भरू नका, कागदावर सही करू नका, आणि त्या माणसाला तीन ओळींचा मेसेज टाका: तुमचं पूर्ण नाव आणि फिफा लायसन्स नंबर, कुठल्या क्लबने ट्रायलचं पत्र दिलंय ते क्लबच्या लेटरहेडवर, आणि तुमची फी करार झाल्यावर पगारातून घ्याल का. तिसऱ्या ओळीला बहुतेक जण गायब होतात. पत्र आलंच तर क्लबच्या स्वतःच्या साइटवरचा ईमेल शोधून तिकडे विचारा, पत्रावर छापलेल्या ईमेलवर नाही.

आणि भाच्याचं रजिस्ट्रेशन ऑल इंडिया फुटबॉल फेडरेशनच्या सीआरएसमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या ऑनलाइन नोंदणीत, प्रत्येक सीझनला, ज्या टीमकडून खेळतो त्या टीमच्या नावाने नीट होतंय का ते बघा, जन्मतारीख दाखल्याप्रमाणे आहे का तेही. यात तालमीचाही फायदा आहे. पुढे कधी पोरगा करारात असताना देशाबाहेर विकला गेला तर फीच्या ५ टक्के रक्कम १२ ते २३ वयात त्याला ज्या क्लब्सनी घडवलं त्यांच्यात वाटली जाते, १० लाख युरोची ट्रान्सफर असेल तर १६ व्या वर्षापासूनच्या प्रत्येक सीझनचे ५ हजार युरो. नोंद नसेल तर शून्य. तालमीच्या सेक्रेटरींना हे सांगा, रजिस्ट्रेशनच्या कागदांना कंटाळणारे बरेच आहेत, हा आकडा ऐकला की कंटाळा जातो.

बाकी पुढच्या मॅचला कुणाला तरी शाहू स्टेडियमच्या वरच्या पायऱ्यांवर ट्रायपॉड लावून बसवा, मधल्या रेषेच्या सरळ वर, झूम करायचं नाही, पूर्ण नव्वद मिनिटं, बॉल दुसरीकडे असला तरी कॅमेरा हलवायचा नाही. अशा तीन मॅच झाल्या की मला पाठवा. आमच्या व्हिडिओवाल्याला दाखवते, पैसे लागणार नाहीत, आणि तो जे म्हणेल ते कडू असलं तरी तसंच कळवते.